तीव्र नैराश्य : स्वरूप, उपचार आणि गावाचे कर्तव्य

‘नैराश्य’ हा शब्द बोलण्यात फार सैलपणे वापरला जातो. परीक्षेत गुण कमी पडले, बदली मनासारख्या ठिकाणी झाली नाही, सुपारीचा भाव उतरला, की माणूस निराश झाला असे म्हटले जाते. ही निराशा खरी असते. परंतु ती प्रसंगाशी बांधलेली असते. प्रसंग पालटला, चार दिवस गेले, कोणी जिवाभावाचे भेटले की ती विरते. वैद्यकशास्त्र ज्या अवस्थेला तीव्र नैराश्य म्हणते तिची जात निराळी आहे. तेथे प्रसंग पालटला तरी मन पालटत नाही. मुलगी चांगल्या घरी पडली, कर्ज फिटले, घरात नातवंड आले, तरी रोगी त्या आनंदाकडे बंद काचेआडून पाहावे तसा पाहत राहतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, आळस नव्हे आणि पूर्वकर्माचे फळ तर नव्हेच. तो एक रोग आहे, त्याला लक्षणे आहेत, त्याचा एक क्रम आहे आणि त्याला उपचारही आहेत.

बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत पाहणी केली. प्रौढ माणसांपैकी दर वीसजणांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा विकार जडतो, असे तीत आढळून आले. त्याहून चिंतेची बाब अशी की, अशा दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारापर्यंत पोहोचलेलेच नव्हते. क्षयाचे किंवा मधुमेहाचे एवढे रुग्ण उपचाराविना घरात बसून राहिले असते, तर ग्रामसभेत चर्चा झाली असती. मनाच्या रोगाबाबत घराचे दार लोटून घेण्याची आपली रीत आहे.

रोग कसा ओळखावा

मुख्य खुणा दोन. सतत दाटून राहिलेली खिन्नता ही पहिली. आणि ज्या गोष्टींत पूर्वी गोडी वाटे त्यांतील गोडी उडून जाणे ही दुसरी. भजनी मंडळात न चुकता पेटी धरणारा माणूस पेटीकडे फिरकत नाही; नुस्त्याच्या बाजारात घासाघीस करण्यात जिला रस, ती बाई दारात आलेल्या पाटीकडे मान वळवून पाहत नाही. या दोहोंपैकी निदान एक लक्षण, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड, हालचाल मंदावणे किंवा उलट अस्वस्थ येरझारा, स्वतःविषयी तुच्छता वा अपराधीपणा आणि मरणाचे विचार, यांपैकी काही मिळून एकंदर पाच लक्षणे, निदान दोन आठवडे, जवळजवळ दररोज आणि दिवसाचा बराच वेळ राहिली, तर नैराश्याचा विकार समजावा, असा दंडक आहे.

तीव्र नैराश्यात ही लक्षणे माणसाचे दैनंदिन जीवन ठप्प करतात. रोग्याला पुष्कळदा पहाटे फार लवकर जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळ सर्वांत जड जाते; संध्याकाळी किंचित हलके वाटते. घरच्यांना हे कोडे पडते. ‘संध्याकाळी बरा असतो, मग सकाळी कामाच्या वेळीच याला काय होते?’ असा संशय घेतला जातो. वस्तुतः सकाळचे ते जडपण हे रोगाचेच एक लक्षण आहे, कामचुकारपणाचे नव्हे. काहींची बोलण्याची गती इतकी मंदावते की साध्या प्रश्नाला उत्तर यायला क्षणभर थांबावे लागते. अंघोळ करणे, केस विंचरणे ही कामे डोंगराएवढी वाटू लागतात. काही रोग्यांत याच्याही पुढची पायरी येते. आपल्या हातून महापाप घडले आहे, आपले शरीर आतून कुजले आहे, आपल्यामुळे घर बुडाले आहे, अशा निराधार समजुती पक्क्या होतात. आपल्याला दोष देणारे आवाज कानी पडतात. खाणे-पिणे थांबते. ही अवस्था तातडीची होय, आणि तेथे एक दिवसाचाही विलंब करू नये.

शोक आणि नैराश्य यांत गल्लत होते, म्हणून एक भेद सांगणे इष्ट. जवळचे माणूस गेल्यावर दुःख लाटांनी येते. गेलेल्याच्या आठवणीने डोळे भरतात, त्याच आठवणीत मधूनच हसूही येते. मनुष्य स्वतःला नालायक समजत नाही. नैराश्यात लाट नसते. पाणी साचलेले असते आणि त्या पाण्यात माणूस स्वतःच्याच दोषांची मोजदाद करीत बसतो. अर्थात, शोकातूनही पुढे हा रोग उद्भवू शकतो, हे विसरू नये.

आरोग्य केंद्रांत आता नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याचे उत्तर शून्य ते तीन अशा गुणांनी द्यावयाचे असते. एकंदर गुण जास्तीत जास्त २७. बेरीज २० किंवा त्याहून अधिक झाल्यास नैराश्य तीव्र मानतात. १५ ते १९ ही त्याच्या अलीकडची, पण गंभीरच पायरी. प्रश्नावली म्हणजे निकालपत्र नव्हे. ती तापमापकासारखी आहे. ताप किती हे ती सांगते, तापाचे कारण डॉक्टरनेच शोधावयाचे असते.

‘जिवाक बरें ना’

खेड्यातील रोगी डॉक्टरसमोर बसून ‘माझे मन खिन्न आहे’ असे क्वचितच सांगतो. गोव्यात तो कोकणीत म्हणतो, ‘जिवाक बरें ना’. यात जीव म्हणजे शरीरही आले आणि मनही आले. पुढे तक्रारींची माळ लागते. अंग मोडून येते, डोके जड राहते, छातीत धडधडते, पोटात खड्डा पडतो, हातापायांत त्राण नाही. शक्तीचे औषध, एखादे इंजेक्शन, दोन-चार तपासण्या होतात. दोष सापडत नाही. आणि रोगी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पैसे खर्चीत फिरतो.

स्त्रियांच्या बाबतीत याचे एक बोलके उदाहरण गोव्यातच मिळाले आहे. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार घेऊन पुष्कळ स्त्रिया येतात आणि त्यांना जंतुसंसर्गाची औषधे दिली जातात. या शतकाच्या आरंभी गोव्यातील स्त्रियांच्या आरोग्याची जी मोठी पाहणी झाली, तीत असे दिसून आले की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी अधिक घट्ट आहे. म्हणून आरोग्यसेविकेने अशा स्त्रीला औषध सांगण्याबरोबरच ‘झोप लागते का? घरात कसे चालले आहे? मन कशात रमते का?’ असे तीन साधे प्रश्न विचारले, तर वर्षभराची वणवण वाचू शकेल.

बाळंतपणानंतरचे नैराश्य हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. तरी २००२ साली प्रसिद्ध झालेला गोव्यातील एक अभ्यास येथे नमूद करणे अगत्याचे आहे. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदविलेल्या गर्भवतींचा त्यात पाठपुरावा करण्यात आला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. दारिद्र्य, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगी जन्मल्याचा घरातील रोष, ही त्यामागील ठळक कारणे होती. बारशाला पेढे वाटण्याऐवजी तोंड फिरविणाऱ्या घरांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. रोगाची काही बीजे शरीरात असतात, तशी काही ओसरीवर पेरली जातात.

कारणांविषयी एवढेच सांगता येईल की कोणतेही एक कारण पुरेसे नाही. आई-वडील वा भावंडे यांना हा विकार झाला असल्यास धोका वाढतो, पण तो अटळ ठरत नाही. थायरॉइड ग्रंथीचे विकार, रक्तक्षय, दीर्घकाळचे दुखणे, पक्षाघात, काही औषधे यांमुळेही मन खचते. म्हणून प्रथम शरीराची तपासणी होणे आवश्यक असते. मेंदूत अमुक एक रसायन कमी पडले की नैराश्य येते, हे सोपे उत्तर एके काळी फार प्रचारात होते. आता शास्त्रज्ञ ते तितक्या सोपेपणाने देत नाहीत. कर्ज, घरातील हिंसा, बेकारी, एकटेपणा यांचे वजनही तेवढेच धरावे लागते. ज्या घरातला कर्ता पुरुष तर्वटी म्हणून वर्षातील आठ-नऊ महिने जहाजावर असतो, त्या घरात पैसा येतो, पण ओझेही वाटून घेणारे कोणी नसते. आणि बोटीवरील त्या माणसाचीही स्थिती फारशी निराळी नसते.

दारूचा उल्लेख केल्याविना हे प्रकरण पुरे होत नाही. जड मन हलके करण्यासाठी घेतलेला पेला त्या रात्रीपुरती झोप देतो. परंतु मद्य हे स्वतःच मनाला खाली ओढणारे द्रव्य आहे. दुसऱ्या दिवशीची सकाळ अधिक काळी उगवते आणि धीर सुटलेल्या माणसाचा उरलासुरला संयमही ते हिरावून घेते. ‘पितो म्हणून असा झाला’ असे गाव म्हणते. कित्येकदा क्रम उलटा असतो.

घाडी, कौल आणि दवाखाना

मन बिघडले की प्रथम दृष्ट काढावी, मग घाड्याकडे जावे, देवाला कौल लावावा, हा क्रम गोव्यात आणि सीमाभागात आजही आढळतो. श्रद्धेने मनाला आधार मिळतो हे नाकारण्याचे कारण नाही, आणि देवळात जाण्यास कोणताही डॉक्टर मनाई करीत नाही. हरकत आहे ती वेळ घालविण्याला, रोग्याला उपाशी ठेवण्याला वा मारहाण करण्याला आणि चालू औषध बंद करावयास लावण्याला.

योगायोगाची गोष्ट अशी की, मनाचे बळे मनातच शोधावीत हे ठामपणे सांगणारा एक पुरुष याच भूमीतला होता. बार्देशातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. ही निद्रा प्रयोग करणाऱ्याच्या अंगातील कोणत्याही गूढ द्रवामुळे येत नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनातून निर्माण होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे. त्याकडे पाहत जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

गोव्यातील प्रयोग

तीव्र नैराश्यावर आज जे उपचार आहेत त्यांत सर्वांत आधी एका अशा उपचाराची माहिती देणे योग्य ठरेल, ज्याची कसोटी गोव्यातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतच लागली आणि ज्याची दखल जगाने घेतली.

‘संगाथ’ ही संस्था १९९६ साली गोव्यात स्थापन झाली. तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न साधा होता. मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि रोगी असंख्य. मग समुपदेशन करावयाचे कोणी? त्यांनी वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले. २०१० साली त्यांचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने त्यात होते. सरकारी केंद्रांत अशा समुपदेशकांची जोड मिळालेले रोगी सहा महिन्यांनी अधिक प्रमाणात बरे झालेले दिसले. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. सरकारी केंद्रातल्या गर्दीत डॉक्टरला रोग्याशी बोलायला वेळ मिळत नाही, तेथे ऐकून घेणाऱ्या माणसाची किंमत अधिक, असा त्याचा अर्थ लावता येतो.

दुसरा अभ्यास खास गंभीर नैराश्याचा होता. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, वर सांगितलेल्या प्रश्नावलीत १४ हून अधिक गुण असलेल्या ४९५ प्रौढांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३९ टक्के रोगी रोगमुक्तीच्या पातळीला आले होते. दुसऱ्या गटातील ६४ टक्के. आत्महत्येचे विचारही दुसऱ्या गटात कमी राहिले. २०१७ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि वर्षभरानंतरही लाभ टिकून असल्याचे पुढील पाहणीत दिसले.

या बैठकांत काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यातील तत्त्व घरच्या माणसांनाही उपयोगी पडते.

नैराश्यग्रस्त माणूस म्हणतो, ‘मन लागले की कामाला लागेन.’ हे बोलणे निरोगी माणसाच्या बाबतीत ठीक आहे. परंतु या रोगात मन आपण होऊन लागत नाही. काम सुटते, म्हणून दिवसात सुखाचा वा समाधानाचा एकही क्षण येत नाही. तसा क्षण येत नाही, म्हणून मन आणखी खचते. मन खचते, म्हणून उरलेले कामही सुटते. चक्र असे फिरत राहते. मन सुधारण्याची वाट न पाहता हे चक्र कृतीच्या बाजूने अडवावयाचे, ही या उपचाराची गुरुकिल्ली आहे.

सत्तरी तालुक्यातील एखाद्या कुळागरवाल्याचे उदाहरण कल्पून पाहू. वय पंचेचाळीस, घरची सुपारी व नारळ, दोन मुले. तीन महिन्यांपासून तो कुळागरात गेलेला नाही. पाटाचे पाणी कोणी वळविले, शेजाऱ्याने की कोणीच नाही, याची चौकशीही त्याने केलेली नाही. समुपदेशक त्याला ‘उद्यापासून कामाला लाग’ असे सांगत नाही. असे सांगणारे घरात पुष्कळ असतात. तो प्रथम दिवस कसा जातो ते तासातासाने विचारतो आणि कोणत्या वेळी मन किती जड होते, हे दोघे मिळून वहीत टिपतात. त्यातून कळते की सकाळी अकरापर्यंत अंथरुणात पडून राहिल्यावर मन सर्वांत वाईट होते आणि परवा पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकून पाव घ्यायला तो अंगणापर्यंत गेला, तेव्हा दहा मिनिटे बरे वाटले होते. धागा सापडतो तो असा, अगदी क्षुल्लक ठिकाणी. मग पहिल्या आठवड्याचे काम ठरते. रोज पोदेराकडून पाव त्यानेच घ्यावयाचा. पुढील आठवड्यात कुळागराच्या कडेपर्यंत जाऊन परत यावयाचे. कोयता हाती घ्यावयाचा नाही. त्यानंतर चार माडांचीच आळी पाहावयाची. काम लहान, वेळ ठरलेली आणि ते झाले की नाही याची वहीत नोंद. न झाल्यास दटावणे नाही. काय आडवे आले ते पाहून काम आणखी लहान करावयाचे. जोडीला अडलेल्या प्रश्नाचाही विचार होतो. सोसायटीचे हप्ते थकले आहेत, तर सचिवाला भेटून मुदत मागावयाची. एकटा जायला धजत नसेल तर मेहुण्याला बरोबर न्यावयाचे.

हे वर्णन वाचून ‘एवढ्याने रोग कसा बरा होईल?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वर दिलेले आकडे याच साध्या कामाचे आहेत. तसेच हेही ध्यानी असावे की ६४ म्हणजे शंभर नव्हे. उरलेल्यांना औषधांची, तज्ज्ञाची आणि काहींना रुग्णालयाची गरज असते.

औषधे आणि रुग्णालय

नैराश्यावरील पहिले औषध सापडले ते काहीशा अनपेक्षितपणे. १९५०च्या दशकात क्षयावर दिल्या जाणाऱ्या एका औषधाने रुग्णांची मने उल्हसित होतात असे डॉक्टरांच्या लक्षात आले. आणि १९५७ साली स्वित्झर्लंडचे डॉ. रोलँड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचा गुण जाहीर केला. आज त्याहून कमी त्रासाची औषधे उपलब्ध आहेत.

या औषधांविषयी घरोघरी तीन गैरसमज आढळतात. पहिला, या झोपेच्या गोळ्या आहेत आणि त्यांची सवय लागते. तसे नाही, दारू वा झोपेच्या गोळ्यांप्रमाणे त्यांची तल्लफ येत नाही. मात्र त्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, बेचैनी, झोपेचा बिघाड असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाच्या असतात. दुसरा, दोन-चार दिवसांत गुण आला नाही म्हणजे औषध लागू पडले नाही. गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. गंमत अशी की मळमळ, डोकेदुखी हे उपद्रव आधी येतात आणि गुण मागून येतो. पुष्कळ रोगी नेमके याच पंधरवड्यात गोळ्या टाकून देतात. तिसरा गैरसमज सर्वांत महागात पडतो. बरे वाटले की औषध संपले, असा तो आहे. बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि ज्यांना हा विकार पुन्हा पुन्हा झाला असेल त्यांना त्याहून दीर्घकाळ.

डॉक्टरकडे जाताना घरच्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. रोग्याला पूर्वी कधी याच्या उलट अवस्था, म्हणजे झोपेची गरज न वाटणे, अतोनात बोलणे, पैशांची उधळण, अवास्तव बेत, अशी येऊन गेली होती काय? तशी आली असल्यास रोग वेगळा असतो आणि औषधेही वेगळी. नुसत्या नैराश्याचे औषध तेथे अपाय करू शकते. तरुण रोग्याचे औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे त्याच्याकडे अधिक लक्ष ठेवावे. अस्वस्थता वाढल्यास त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे.

विद्युत्-उपचाराचे, म्हणजे बोलीभाषेतील ‘शॉक’चे, नाव काढताच नातेवाईक घाबरतात. चित्रपटांनी हे भय पुष्कळ वाढविले. हा उपचार १९३८ साली इटलीत सुरू झाला, तेव्हा तो भूल न देता करीत, हे खरे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास मनाई केली आहे. ज्या रोग्याने अन्नपाणी सोडले आहे, जो दगडासारखा निश्चल पडून आहे, किंवा ज्याच्या जिवाला तात्काळ धोका आहे, त्याच्यासाठी हा उपचार कित्येकदा प्राण वाचविणारा ठरतो. काही काळ विस्मरण होते. ते बहुतेकांत ओसरते.

गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्था हे या रोगांचे प्रमुख शासकीय रुग्णालय आहे. गावातील रोग्याने प्रथम आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून पुढची वाट दाखविली जाते. बेळगाव भागातील लोकांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ पडते.

जिवाचा धोका

तीव्र नैराश्यात माणूस आपल्या जिवावर उठू शकतो. हा धोका बोलण्यास कठीण म्हणूनच तो स्पष्ट सांगितला पाहिजे. ‘मी गेलो तर तुम्ही सुटाल’, ‘आता फार दिवस नाहीत’ अशी वाक्ये, कागदपत्रांची एकाएकी आवराआवर, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, दीर्घ अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता, या खुणांकडे डोळेझाक करू नये. बोलून दाखविणारा तसे करीत नाही, ही समजूत चुकीची आहे आणि तिने जीव घेतले आहेत.

विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हाही भ्रम होय. जवळच्या माणसाने शांतपणे, आडवळण न घेता विचारावे, ‘जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?’ बहुतेक रोग्यांना हा प्रश्न कोणीतरी विचारला याचेच हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आल्यास प्रवचन देऊ नये, शपथा घालू नयेत, मुलाबाळांची भीड घालू नये. जवळ बसावे, ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी. शेतीची कीटकनाशके व घरातील साठलेली औषधे कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावीत. हा सल्ला साधा दिसतो. पण मरणाची ऊर्मी पुष्कळदा काही तासांची असते आणि त्या तासांत साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. रोग्याच्या गोळ्याही घरातील एकाने आपल्या ताब्यात ठेवून रोजच्या रोज द्याव्यात.

पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपविण्याची आता गरज नाही. २०१७च्या त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावयाचे असून तिला शिक्षा नव्हे तर काळजी, उपचार व पुनर्वसन मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही तेथे बोलता येते. रोगीच बोलला पाहिजे असे नाही, त्याच्या बायकोने वा शिक्षकाने विचारणा केली तरी चालते.

घर, शाळा, कचेरी

घरच्यांचे हेतू चांगले असतात, शब्द मात्र चुकतात. ‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्य रोग्याला आपण कृतघ्न आहोत असे पटविते. ‘मन घट्ट कर’ हे पाय मोडलेल्याला ‘चाल’ म्हणण्यासारखे आहे. त्यापेक्षा ‘हे तुझे दुखणे आहे, यात तुझा दोष नाही, आज माझ्याबरोबर विहिरीपर्यंत ये’ एवढे बोलणे पुरे. जेवणाचे ताट पुढे ठेवावे, पण पानात किती उरले याची घोषणा करू नये. लग्न, जमिनीची विक्री, नोकरीचा राजीनामा असे मोठे निर्णय या काळात पुढे ढकलावेत. लग्न करून दिले की ठीक होईल, हा उपाय तर दोन घरांना बुडविणारा आहे. आणि शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही आठवड्यातून एखादा दिवस सुटका मिळेल अशी व्यवस्था करावी. तिचीही शक्ती संपते.

शिक्षकांना विद्यार्थ्याचे नैराश्य खिन्नतेच्या रूपाने दिसेलच असे नाही. मुलांत ते चिडचिड, गैरहजेरी, पोटदुखी, घसरलेले गुण या वेषात येते. वर्गासमोर उभे करून कारण विचारू नये. कार्यालयप्रमुखांनीही हे लक्षात ठेवावे की आजवर चोख काम करणारा लिपिक एकाएकी साधी टिपणे चुकवू लागला, तर कारणे दाखवा नोटीस काढण्यापूर्वी त्याला दार लोटून चार शब्द विचारणे अधिक उचित. वैद्यकीय रजेच्या अर्जावर रोगाचे नाव कचेरीभर फिरणार नाही, याची दक्षता घेणे त्यांच्याच हाती असते. परत आलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच साचलेल्या धारिका देऊ नयेत.

हा रोग बरा झाल्यावर पुन्हा उलटू शकतो. म्हणून गोव्यातील त्या बैठकांपैकी शेवटची बैठक याच तयारीसाठी असते. आपला रोग कोणत्या खुणेने सुरू होतो, हे रोगी वहीत लिहून ठेवतो. कोणाची झोप आधी जाते, कोणी फोन उचलणे बंद करतो, कोणाला चहा बेचव लागतो. ती यादी घरातील आणखी एकाजवळ असावी. त्यातील खूण दिसू लागताच वहीतील पहिल्या आठवड्याचे छोटे काम पुन्हा सुरू करावयाचे आणि आरोग्य केंद्रात पुढच्या तारखेची वाट न पाहता जावयाचे, असे दोघांनी आधीच ठरवून ठेवावे.